पट्टीवरचा चेहरा

कात्रीवाल्यांचे चिरंजीव रंगवाले, रंगवाल्यांचे चिरंजीव दिवेवाले, आणि दिवेवाल्यांची धाकटी लेक म्हणजे छोटी. घराण्याची वंशावळ मोठ्या आत्या अशी एका दमात सांगत, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावल्याखेरीज पुढचे बोलत नसत. कात्रीवाले पणजोबा पांढरे हातमोजे घालून चित्रपटाची निगेटिव्ह कापीत आणि जोडीत; हातून एक चौकट वाया गेली तर त्या दिवशी ते कुणाशी बोलत नसत. रंगवाले आजोबा त्या जोडलेल्या फिल्मच्या रंगांचा तोल सांभाळीत. वडिलांच्या काळात फिल्मच संपली. त्यांनी जुनी यंत्रे भंगारात घातली, संगणक आणि मोठाले पडदे आणले आणि त्यांच्या उजेडात उरलेला जन्म काढला, म्हणून ते दिवेवाले. छोटी आता एक्कावन्न वर्षांची होती. वाचायचा आणि पडद्याचा असे दोन चष्मे तिच्या गळ्यात लोंबत, जिना चढताना गुडघे कुरकुरत. तरी घरात आणि कामावर ती छोटीच होती.

तिचे काम सांगायला सोपे होते. चित्रीकरण होऊन आलेला चित्रपट कच्चा असतो. उन्हात घेतलेले दृश्य आणि ढगाळ दुपारी घेतलेले दृश्य शेजारी बसवले की एकाच बाईचे दोन चेहरे दिसतात. ते पुन्हा एका बाईचे करून देणे, हे या घराने साठ वर्षे केले होते. आणि आता ज्या चित्रपट कंपनीच्या जिवावर घर चालत होते, तिने तीन महिन्यांपूर्वी कळवले होते की हेच काम दुसऱ्या एका देशात चौथाई खर्चात होते. छोटीने तिथल्या चौघांना तीन महिने शिकवायचे. अखेरीस तिकडून एक नमुना यायचा. तो पसंत पडला तर काम तिकडे जायचे. पडला नाही तर दोन वर्षे इथेच राहायचे.

नमुना यायचा दिवस परवावर आला होता, म्हणून सोमवारी सकाळी अकरा वाजता सगळे रंगाच्या खोलीत जमले. ही खोली निवडण्याचे कारण तिचा दरवाजा. तो हातभर जाड होता, आणि खालच्या मजल्यावर चौदा माणसे काम करीत होती. खोलीला खिडकी नव्हती. चारी भिंती राखाडी, गालिचा राखाडी, छतसुद्धा राखाडी, कारण दुसरा कोणताही रंग डोळ्यांना फितवतो. मधल्या खुर्चीत मोठ्या आत्या बसल्या होत्या. ती खुर्ची रंग करणाऱ्याची, एरवी तीत दुसरे कुणी बसत नसे; परंतु आत्यांना उठा म्हणणारा त्या घरात जन्मला नव्हता.

छोटीच्या थोरल्या भावाने, दादाने, तिकडच्या चौघांपैकी एका मुलीचे पत्र वाचून दाखवले आणि घडी घातली.

"पुन्हा वाच," आत्या म्हणाल्या.

"आत्ताच तर वाचलं, आत्या."

"मी बहिरी झालेले नाही. तू शेवटची ओळ गिळलीस."

दादाने छोटीकडे पाहिले. छोटीने गालिच्याकडे पाहिले. पत्र तिच्या नावाचे होते, पण कचेरीच्या पत्त्यावर आले म्हणून आधी त्याच्या हाती लागले होते. त्याने घसा खाकरला आणि या खेपेस पूर्ण वाचले.

"'बाई, तुम्ही दिलेले आकडे मी जसेच्या तसे घेऊन सुरुवात करते. माझ्या पडद्यावर चेहरे जिवंत दिसतात. कंपनी म्हणते, मेलेले आहेत. अकरा वेळा केलं. माझ्याबरोबरच्या तिघांना काढून टाकलं, मी एकटीच उरले. बुधवारी नमुना परत आला तर मलाही काढतील. माझं काय चुकतं ते सांगाल का? तुम्ही शिकवताना एकदाही रागावला नाहीत, म्हणून विचारायचं धाडस करते.'"

"हं," आत्या म्हणाल्या. "ही ओळ घशात अडकण्यासारखीच आहे."

मुलीचे काय चुकत होते हे खोलीतल्या पाचही जणांना ठाऊक होते. कोपऱ्यातल्या थंड कपाटात एका चपट्या डब्यात फिल्मची वीतभर पट्टी होती. तिच्यावर एकोणीस वर्षांची एक मुलगी बसलेली होती, शेजारी एक पांढरा आणि एक करडा पुठ्ठा, आणि तिने आपले मनगट आतल्या बाजूने गालाजवळ धरले होते. ही मुलगी म्हणजे मोठ्या आत्या. या खोलीतला पडदा यंत्राच्या नियमाने कधीच लावला जात नसे. रोज सकाळी त्या पट्टीवरचा चेहरा समोर आणायचा, त्या मनगटाखाली रक्त वाहते आहे असे वाटेपर्यंत पडदा नजरेने जुळवायचा, आणि मगच कामाला हात घालायचा. इथले सगळे आकडे त्या चेहऱ्यावर उभे होते. छोटीने मुलीला आकडे दिले होते, सवयी दिल्या होत्या, खुर्ची पडद्यापासून किती दूर हवी तेही सांगितले होते. चेहऱ्याबद्दल मात्र ती एक अक्षर बोलली नव्हती. मुलगी रोज संध्याकाळी नवी खेप पाठवी आणि छोटी रोज एकच शब्द लिही: 'बघते.'

"आपण तिला एकही खोटा आकडा दिलेला नाही," दादा म्हणाला.

"खोटा नाही. बिनकामाचा," छोटी म्हणाली.

"ते तिने ओळखावं. तुला कुणी ताटात वाढून दिलं होतं का?"

"हो. तूच. मी तेरा वर्षांची असताना याच खोलीत मला स्टुलावर चढवून तूच दाखवलं होतंस."

दादाने हात झटकला. लहान असल्यापासून तो वाद हरायला लागला की हात झटकी.

मग वहिनी बोलल्या. कचेरीचे सगळे कागद त्यांच्या हाताखालून जात, आणि आजही मांडीवर फाइल होती. "माझं मत विचारत असाल तर सांगून टाका तिला. करारात 'संपूर्ण प्रशिक्षण' असं लिहिलंय आणि खाली सही माझी आहे. उद्या नोटीस आली तर हे नाही जायचे उत्तरं द्यायला, मी जाईन."

"वहिनी, करार मी वाचलाय," टेबलाखालून आवाज आला. तिथे वायरमन होता. काकांचा हा मुलगा घरातली सगळी यंत्रे सांभाळी, आणि माणसांत बसण्यापेक्षा वायरींमध्ये बसणे त्याला बरे वाटे. "चोवीस पानं आहेत. यंत्रांची यादी आहे, आकड्यांची आहे. आपल्या खुर्चीची उंचीसुद्धा आहे. पट्टीचा साधा उल्लेख नाही."

"नक्की?"

"दोनदा वाचलाय. झोप येत नव्हती."

वहिनींनी फाइल मिटली. "मग माझं काही म्हणणं नाही."

"अहो, आत्ता तर म्हणालात सांगून टाका!" छोटी म्हणाली.

"आत्ता मला नोटिशीची भीती होती. ती गेली. आता मला खालच्या चौदा जणांची भीती वाटते. त्यांच्यातल्या तिघी पहिल्या पगारापासून माझ्या हातून पगार घेतात. मी त्यांना काय सांगू? तिकडच्या एका मुलीला वाईट वाटत होतं म्हणून?"

मुलीची सातवी खेप छोटीच्या मनातून जात नव्हती. त्या खेपेत मुलीने सावलीतला हिरवटपणा आपल्या आपण काढून टाकला होता. ही गोष्ट समजायला छोटीला चार वर्षे लागली होती. ती मुलगी इतकी चांगली शिकत होती, आणि जमीनच वाकडी असलेल्या घरात भिंती बांधत होती. छोटीला ते दिसत होते, आणि तिने तरीही लिहिले होते: बघते.

"दोन वर्षं मिळाली तर पुष्कळ होतं," दादा मवाळ होऊन म्हणाला. "दोन वर्षांत आपण दुसरं काम शोधू. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, छोटे. फक्त गप्प बस म्हणतोय. परवापर्यंत."

"आणि का म्हणून द्यायचं?" वायरमन टेबलाखालून बाहेर आला. त्याच्या केसांत धूळ होती. "ताई, ही आजोबांची अक्कल आहे. सात दिवस आजोबा अंधारात बसले, तेव्हा त्यांना हे सुचलं. जगात कुणाला सुचलं नव्हतं. ते काय असं फुकट वाटायचं?"

"कोण बसलं होतं सात दिवस?" आत्यांनी विचारले.

"आजोबा."

"कुठे?"

"या... म्हणजे जुन्या अंधाऱ्या खोलीत. तुम्हीच तर सांगता."

"मी कधी सांगितलं? तुझ्या बापाने सांगितलं असेल. तुमचे आजोबा सात मिनिटं अंधारात बसले तर त्यांचा जीव घुसमटायचा."

दादा हसला, पण आत्या हसल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची अर्धी वळवली आणि चौघे समोर येतील अशा बसल्या. साठ वर्षे मिटलेले तोंड उघडताना त्यांच्या आवाजात कंप नव्हता; होती ती एक प्रकारची चीड, हे सांगण्याची पाळी आपल्यावर यावी याची.

"रंगीत फिल्म नवी होती. एका दूरच्या देशातल्या कारखान्याने आपलं काम इकडे धाडायचं ठरवलं. का? तर इथे माणसं स्वस्त. तिकडच्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यात तुमचे आजोबा आणि त्यांचे लोक राबायला तयार होते. कुणी राबवलं नाही हो त्यांना. हातापाया पडून मिळवलं होतं ते काम. मग शिकवायला तिकडून माणूस आला, तीन महिन्यांसाठी. आम्ही त्याला पाहुणा म्हणायचो. बाबांना त्याची भाषा येत नव्हती. मी शाळेत शिकले होते. तो बोलायचा, ते मी बाबांना सांगायचे. म्हणून मला सगळं ठाऊक आहे. दुसऱ्या कुणालाच नाही."

"तुम्ही दुभाषी होतात?" वहिनींनी विचारले.

"चहासुद्धा मीच करायचे. पहिल्याच आठवड्यात पाहुणा मला म्हणाला, 'मला बजावून पाठवलंय. आकडे द्यायचे, नजर द्यायची नाही.' मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी तीन महिने काढले, आकडे घेतले, आणि आमचे चेहरे मेलेलेच राहिले. शेवटच्या दिवशी पाहुण्याची गाडी चारला होती. दुपारी एकला त्याने मला स्टुलावर बसवलं, पुठ्ठे आणले, मनगट असं धरायला सांगितलं, आणि स्वतः कॅमेरा चालवला. मग म्हणाला, बाबांना सांग. आकडे माझ्या खोलीतले आहेत, तुमच्या खोलीत ते चालणार नाहीत. ही मुलगी तुम्हाला रोज दिसते. पडद्यावर ती हिच्यासारखीच दिसली तर समजा तुमची खोली बरोबर आहे."

आत्यांनी नकळत आपले मनगट चाचपले.

"मी वाक्यामागून वाक्य बाबांना सांगत होते, आणि मला कळत होतं, हा माणूस स्वतःच्या पोटावर पाय देतोय. त्याच्या हाताखाली बावीस लोक होते. वर्षभरात तो कारखाना बंद पडला. त्याचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. रागाचा एक शब्द नव्हता त्यात. विचारलं होतं, पट्टीचा उपयोग होतोय का. बाबा म्हणाले, उत्तर लिहू नकोस. लिहिलं तर मान्य केल्यासारखं होईल. पुढे वर्तमानपत्रवाले आले. त्यांना बाबांनी सांगितलं, मी स्वतः प्रयोग करून शोधलं. सात दिवस कुणीतरी नंतर चिकटवले."

"आजोबा खोटं बोलले?" वायरमनचा चेहरा एखाद्याने थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

"बोलले."

"आणि तुम्ही?"

"मी गप्प बसले. तुझ्या दादाला आत्ता जे हवंय तेच केलं, फक्त जास्त दिवस."

दादा उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होते. "ठीक. मान्य. पाहुणा देवमाणूस. आजोबांनी त्याचं देणं ठेवलं. पण आत्या, आजोबांचं देणं खालच्या चौदा घरांनी का फेडायचं? त्यांनी काय घेतलं होतं त्या माणसाचं?"

छोटीला वाटले, आत्यांकडे याचे उत्तर तयार असेल; तसे नेहमीच असे.

"मला माहीत नाही," आत्या म्हणाल्या.

"तुम्हालाही?"

"मलाही. त्याच्या बावीस जणांनीही त्याला हेच विचारलं असेल. त्याने काय उत्तर दिलं कुणास ठाऊक. पत्रात लिहिलं नव्हतं." त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "पण चेहरा माझा आहे. आजवर तुम्ही त्याच्यावर पोट भरलंत आणि मला कधी विचारलं नाहीत. आता मीच सांगते. त्या मुलीला तो दाखवा."

वायरमन थंड कपाटाकडे गेला.

"तू काय करतोयस?" दादा म्हणाला.

"पट्टी बाहेर काढतोय. अर्धा तास बाहेर राहायला हवी, नाहीतर दव धरेल. मग तिची प्रत करून तिकडे धाडता येईल."

"आत्ता तर तू माझ्या बाजूने होतास!"

"मी आजोबांच्या बाजूने होतो," वायरमन म्हणाला, आणि डबा दोन्ही हातांनी धरून टेबलावर ठेवला.

आता कुणी काय म्हणावे याला अर्थ उरला नव्हता. मुलीशी बोलणार होती छोटी. ती भाषा तिला बोलण्यापुरती येत होती, शिकवले तिने होते. दादा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. लहानपणी तिला स्टुलावर चढवणारे त्याचे हात खाली लोंबत होते.

"तू फोन लावणार?"

"हो, दादा."

"मग खाली जाऊन त्यांना तूच सांगायचंस. मी नाही. हीसुद्धा नाही."

"मी सांगेन."

"काय सांगशील?"

"खरं काय ते."

"खरं!" दादा म्हणाला. "खरं सांगून कुणाचं घर चाललंय?" तो निघून गेला. वहिनी क्षणभर घुटमळल्या, फाइल छातीशी धरून छोटीकडे बघत राहिल्या, आणि त्याच्यामागे गेल्या. जाड दरवाजा आवाज न करता लागला.

तिकडे संध्याकाळ होत होती. पडद्यावर मुलगी दिसली तेव्हा तिच्या मागे एका लांबच लांब दालनात पडद्यांच्या रांगा होत्या, आणि प्रत्येकासमोर कुणीतरी पाठ वाकवून बसले होते. ती पंचविशीची असेल. कपाळावरचे केस तिने टाचणीने मागे खोवले होते. दोघी एका तिसऱ्याच भाषेत बोलत, जी दोघींनाही जेमतेम येई, आणि त्यामुळे दोघी फार सभ्यपणे बोलत.

"बाई, माझं पत्र मिळालं? मी उगाच त्रास दिला का?"

"तुझा पडदा नियमाप्रमाणे लावलेला आहे ना?"

"अगदी नियमाप्रमाणे. रोज तपासते."

"चूक तिथेच आहे," छोटी म्हणाली. "माझी आहे, तुझी नाही. मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. विसरले म्हणून नाही. सांगायची नव्हती म्हणून."

मुलीने नुसती वही ओढून घेतली. ते पाहून छोटीला बोलणे अवघड गेले. मग ती बोलली. पट्टीची प्रत तिने पाठवली, खोलीचा पडदा नियमापासून किती झुकलेला आहे ते सांगितले, तो झुकाव चेहऱ्यावरून कसा ओळखायचा तेही सांगितले.

"पण ही आमची बाई. ती तुझ्या कायमच्या उपयोगाची नाही. तुझ्या इमारतीत अशी कुणी आहे का, जिचा चेहरा तुला रोज दिसतो?"

"जिना पुसणाऱ्या मावशी आहेत. आत्ता आल्या असतील."

"बोलाव त्यांना."

मावशी आल्या. त्यांचे हात ओले होते, ते त्यांनी अंगावरच्या कोटाला पुसले, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. आपल्याला का बसवले आहे हे त्यांना कळत नव्हते. आपल्यावर काही आळ आला आहे की काय अशा त्या इकडेतिकडे बघत होत्या. मुलीने कॅमेरा लावला, त्यांचे मनगट गालाजवळ धरले, त्यांचे चित्र पडद्यावर आणले आणि पडदा जुळवायला बसली. ती एकदा मावशींकडे बघे, एकदा पडद्याकडे. छोटी मध्येच म्हणे, "मनगट बघ. चेहरा फसवतो, मनगट फसवत नाही." मागून आत्या म्हणाल्या, "तिला सांग, घाई करू नको." छोटीने सांगितले.

वीस-पंचवीस मिनिटे गेली. मग मुलीचा हात थांबला. तिने मावशींकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा मावशींकडे पाहिले. तिने आपली अकरावी खेप त्याच पडद्यावर लावली. नमुन्याची नायिका खिडकीशी उभी होती.

"अरे देवा," मुलगी म्हणाली. "ही मेलेली आहे."

"हो."

"अकराही वेळा अशीच होती?"

"अकराही वेळा."

"आणि तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं."

मुलीने मान खाली घातली. छोटीला वाटले ती आता रागावेल, आणि तिने रागवावे असे तिला फार वाटले. पण मुलगी दृश्यावर कामाला लागली होती. तिची बोटे भराभर चालत होती. ती चालत असतानाच छोटीने तिला पाहुण्याची गोष्ट सांगितली: तो कुठून आला, त्याला काय बजावले होते, शेवटच्या दिवशी त्याने काय केले. ही पद्धत आमच्या घरची नाही, त्याची आहे, एवढे तिने दोनदा सांगितले. मुलगी "हो, हो" म्हणत होती. तिच्या मागून कुणीतरी हाक मारली, तिने वळून उत्तर दिले, "बाई, मी नंतर बोलते, फार..." असे काहीतरी म्हणाली, आणि पडदा काळा झाला.

"कळलं का तिला?" आत्यांनी विचारले.

"पुरतं कळलं."

मग छोटी खाली गेली. गुडघे दुखत होते म्हणून कठडा धरून, एकेक पायरी. चौदाही जणांनी हातातले काम थांबवले. तिने जे होते ते सांगितले. कमी केले नाही, वाढवले नाही. चित्रावरचे डाग काढण्यात ज्यांनी तीस वर्षे घालवली ते वयस्क कारागीर सगळ्यांत आधी बोलले.

"नीट सांगितलंस ना त्यांना? अर्धवट नाही?"

"नीट सांगितलं, काका."

"मग झालं," ते म्हणाले आणि पडद्याकडे वळले, कारण एक दृश्य अजून पुरे व्हायचे होते. सगळे त्यांच्यासारखे नव्हते. वहिनींच्या हातून पगार घेणाऱ्या तिघींतली एक उठून उभी राहिली. "म्हणजे अब्रू तुमच्या घराण्याची, आणि चूल आमची," ती म्हणाली. छोटी तिच्यासमोर तशीच उभी राहिली. ती बाई आणखी बोलेल, बोलावे, असे तिला वाटत होते. पण तिने खणातली आपली पाण्याची बाटली, स्वेटर आणि मुलाचा फोटो पिशवीत घातला आणि निकालाची वाट न बघता निघून गेली.

गुरुवारी दुपारी कंपनीचे पत्र आले. सोमवारनंतर दादा रंगाच्या खोलीत आला नव्हता. आज आला आणि पत्र वहिनींच्या हाती देऊन दाराला टेकून उभा राहिला. आत्या खुर्चीत होत्या, वायरमन गालिच्यावर, छोटी पडद्यापाशी. वहिनींनी चष्मा लावून सावकाश वाचले. नमुना पसंत पडला होता. महिनाअखेरीस काम तिकडे जाणार होते. एवढ्या वर्षांच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते, त्यांना जेमतेम दोन ओळी पुरल्या होत्या.

"आणखी एक परिच्छेद आहे," वहिनी म्हणाल्या, आणि थांबल्या.

"वाच की," दादा म्हणाला. "मी वाचलाय. ऐकू दे हिला."

"'कळवण्यास आनंद होतो की, तेथील एका तरुण तंत्रज्ञ महिलेने स्वतःच्या प्रयोगांतून मानवी चेहऱ्यावरून पडदा जुळवण्याची एक नवी पद्धत शोधून काढली आहे. तिला बढती देण्यात येत असून, ही पद्धत यापुढे तिच्या नावाने...'"

वहिनींनी पुढचे वाचले नाही.

"स्वतःच्या?" वायरमन म्हणाला.

"मी तिला सांगितलं होतं," छोटी म्हणाली. "पाहुण्याचं सगळं सांगितलं होतं. दोनदा."

दादा हसला. ते हसू ऐकवत नव्हते. "घे. चौदा जण गेले, काम गेलं, आणि आता नावसुद्धा तिचं. चांगलं शिकवलंस, छोटे. काही म्हणून ठेवलं नाहीस."

छोटीने आत्यांकडे पाहिले. आत्यांच्या चेहऱ्यावर राग असेल असे तिला वाटले होते. तो नव्हता. पुष्कळ लांबून चालत आलेले माणूस उंबऱ्याशी पोचल्यावर जसे दिसते, तशा त्या दिसत होत्या.

"तिला दोष देऊ नका," आत्या म्हणाल्या. "बाबांनीही वर्तमानपत्रवाल्यांना हेच सांगितलं. स्वतःच्या प्रयोगांतून. पाहुण्याचं काम गेलं, माणसं गेली, आणि मग त्याचं नावसुद्धा आम्ही लाटलं. तेवढंच आपल्याकडून द्यायचं राहिलं होतं." त्यांनी हात पुढे केला, आणि छोटीने तो धरला. "आता त्याचं काहीच आपल्याकडे नाही, छोटे. पुरतं फिटलं."